ओर्टरची थाळी : एक पुनर्वाचन

संपादकांनी श्रावणात निरोप धाडून समीक्षालेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात एखादी कादंबरी किंवा सीमाभागातला एखादा कवितासंग्रह असणार. मी म्हटले, यंदा एका थाळीफेकपटूवर लिहितो. ते थोडे हसले. "सर, क्रीडा-विभाग वेगळा आहे हो आपला," म्हणाले. मी म्हटले, क्रीडा-विभागासाठी नाही, समीक्षेसाठीच लिहितो. तीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या माणसाला एखादी कारकीर्द ही संहितेसारखी वाचावीशी वाटली, तर त्यात गैर काय? आणि ही संहिता मी एकदा चुकीची वाचली आहे. नुसती वाचली नाही, तर तीनशे मुलांपुढे उभे राहून चुकीची शिकविली आहे. तेव्हा हा लेख पुनर्वाचनाचा आहे असे समजावे.

अल ओर्टर हे नाव आपल्याकडच्या वाचकांना कदाचित एका वाक्यापुरतेच ठाऊक असेल. अमेरिकेचा थाळीफेकपटू, १९५६, १९६०, १९६४ आणि १९६८ अशा लागोपाठ चार ऑलिम्पिकमध्ये एकाच प्रकारात सुवर्णपदक. मैदानी खेळांत असे त्याच्याआधी कोणी केले नव्हते. त्याच्यानंतर कार्ल लुईसने लांब उडीत १९८४ ते १९९६ या काळात त्याची बरोबरी केली. एवढे एक वाक्य आणि त्याला जोडून येणारी एक गोष्ट. ती गोष्ट टोकियोची.

शाळेच्या प्रार्थनेनंतर 'प्रेरक प्रसंग' सांगण्याची प्रथा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ती गोष्ट कशी सांगितली जाते ते वेगळे सांगायला नको. १९६४ सालची टोकियोची स्पर्धा. ओर्टरच्या मानेच्या मणक्याला जुने दुखणे, त्यासाठी पट्टा बांधलेला. त्यात स्पर्धेच्या आठवडाभर आधी सरावात बरगडीजवळची कूर्चा फाटली. आतल्या आत रक्तस्राव. डॉक्टरांनी सांगितले की सहा आठवडे विश्रांती घ्या, थाळीला हात लावू नका. तो छातीला पट्ट्या आवळून, बर्फाने शेकत मैदानात उतरला. पाचव्या फेकीला त्याने सारे बळ एकवटले, ६१.०० मीटर फेक केली, वेदनेने वाकला आणि सुवर्णपदक जिंकला. ही ऑलिम्पिक आहे, इथे मेलो तरी माघार नाही, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. इथे शिक्षकाने क्षणभर थांबायचे, मुलांकडे पाहायचे आणि म्हणायचे, "पाहिलंत? याला म्हणतात इच्छाशक्ती!" मी नेमका असाच थांबत असे. टाळ्याही पडत.

या कथनात खोटे काहीच नाही, आणि अडचण तिथेच आहे. खोटे असते तर सोडून देता आले असते.

मायरन या ग्रीक शिल्पकाराच्या थाळीफेक्याचे शिल्प बहुतेकांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेले असते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले मूळ कांस्यशिल्प आज नाही. रोमन काळात केलेल्या संगमरवरी प्रतिकृती तेवढ्या उरल्या. त्यांतली एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती सापडली आणि डागडुजी करणाऱ्याने धडावर डोके बसविले ते चुकीच्या दिशेने. मूळ शिल्पात तो तरुण मान वळवून मागे, आपल्या हातातल्या थाळीकडे पाहतो. या प्रतीत तो खाली, पुढच्या जमिनीकडे पाहतो आहे. धड अस्सल, संगमरवर अस्सल, पण नजर चुकली आणि सगळ्या देहाचा अर्थ बदलला. टोकियोच्या गोष्टीचे आपण असेच करून ठेवले आहे. तिच्या चारी बाजूंना पसरलेली पंचवीस वर्षांची कारकीर्द काढून टाकली आणि एका जखमेवर एका वेदनेचे डोके बसवून दिले.

म्हणून ही संहिता पहिल्या पानापासून वाचावी लागते.

१९३६ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा जन्म. पंधराएक वर्षांचा असताना मैदानात धावण्याचा सराव करीत असता कोणाची तरी थाळी त्याच्या पायाशी येऊन पडली, त्याने ती उचलून परत फेकली आणि ती फेकणाऱ्यांच्याही पलीकडे जाऊन पडली, अशी आरंभकथा सांगतात. आरंभकथा अशाच असतात. ज्ञानेश्वरांच्या भिंतीपासून आपल्याला त्यांची सवय आहे. तिच्यात फार अडकू नये. पुढे कॅन्सस विद्यापीठ आणि वयाच्या विसाव्या वर्षी मेलबर्न. तिथे जागतिक उच्चांक ज्याच्या नावावर होता तो फॉर्च्यून गॉर्डियन त्याच्याच संघात होता. ओर्टरने पहिल्याच फेकीत ५६.३६ मीटर टाकले आणि स्पर्धा तिथेच संपली. गॉर्डियन दुसरा, डेस कॉक तिसरा, तिघेही अमेरिकन. या पहिल्या अंकात नाट्य कमी आहे. विशीतल्या पोराने केलेली बेधडक फेक, एवढेच. असा पहिला कवितासंग्रह गाजलेले आणि पुढे गप्प झालेले कितीतरी कवी आपल्याला माहीत आहेत. १९५७ साली मोटार अपघातात तो मरता मरता वाचला; तिथेच ही कारकीर्द एका पदकापुरती राहिली असती.

रोममध्ये, १९६० साली, मला पहिल्यांदा काहीतरी वाचण्याजोगे दिसते. रिंक बॅब्का हा त्याचा सहकारी. जागतिक उच्चांकाचा तो त्यावेळचा भागीदार, आणि चार फेकींनंतर आघाडीवरही तोच. ओर्टर दुसरा. पाचव्या फेकीपूर्वी बॅब्काने त्याला जवळ बोलावून सांगितले की तुझा डावा हात नीट राहत नाही, तो सुधार. ओर्टरने सुधारला आणि ५९.१८ मीटर फेक केली. बॅब्का ५८.०२ मीटरवर दुसरा राहिला. म्हणजे स्वतःच्या हातातले सुवर्णपदक एका माणसाने स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याला दिले. हा प्रसंग आपण प्रार्थनेनंतर का सांगत नाही, हे कोडे मला अलीकडेच पडले. बहुधा यात जखम नाही, रक्त नाही म्हणून. शिवाय यात नायक दोन होतात, आणि आपल्या प्रेरक प्रसंगांना दोन नायक मानवत नाहीत.

पण समीक्षेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या सूचनेच्या स्वरूपात आहे. बॅब्का 'जोर लाव' म्हणाला नाही. 'हिंमत धर' म्हणाला नाही. हात कुठे आहे ते म्हणाला.

थाळीफेक हा प्रकार बाहेरून बळाचा वाटतो. दोन किलो वजनाची तबकडी, अडीच मीटर व्यासाचे वर्तुळ, दीड गिरकी. सगळे मिळून दोन सेकंदांच्या आतबाहेरचे काम. त्या दोन सेकंदांत पाय आधी वळतात, मग कंबर, मग खांदे, आणि हात सर्वांत शेवटी, फडक्याच्या टोकासारखा ओढला जातो. हाताने आधी घाई केली की सगळे संपले. थाळी सुटते ती तर्जनीवरून, स्वतःभोवती फिरत. ते फिरणे नीट असले तर ती वाऱ्यावर तरते, नसले तर लडखडत खाली येते. आणि एक गंमत अशी की समोरून येणारा वारा, बेताचा असेल तर, थाळीला रोखत नाही, उचलून धरतो. आमच्या 'थाळीफेक' या शब्दाने मात्र या सगळ्यावर पाणी ओतले आहे. 'फेक' म्हटले की काहीतरी रागाने भिरकावणे आले, आणि 'थाळी' म्हटले की स्वयंपाकघर. आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीला घरी आजीने विचारले होते म्हणे, "जेवणाची थाळी फेकायला शाळेत शिकवतात होय गं?"

तर, ओर्टरचे काव्य या वर्तुळातले आहे, छातीवरच्या पट्ट्यांतले नाही. कॉलेजनंतर त्याला प्रशिक्षक नव्हता. ग्रमन या विमानांच्या कंपनीत संगणकाच्या कामावर तो नोकरी करी आणि कामावरून सुटल्यावर एकटाच सराव करी. मैदानात ठरावीक अंतरावर एक टॉवेल टाकून ठेवायचा आणि त्याच्या दिशेने फेकत राहायचे, असे त्याच्या सरावाचे वर्णन करतात. पंच नाही, शिट्टी नाही, टाळ्या नाहीत. फेकायची, चालत जायचे, उचलायची, परत यायचे. १८ मे १९६२ रोजी त्याने ६१.१० मीटर फेक केली. दोनशे फुटांची वेस अधिकृतपणे ओलांडणारा तो पहिला माणूस. काही दिवसांतच सोव्हिएत रशियाच्या त्रुसेन्योवने तो उच्चांक मोडला, ओर्टरने त्याच वर्षी तो परत मिळविला, आणि १९६४ पर्यंत एकूण चार वेळा उच्चांक त्याच्या नावावर लागला. तरीही उच्चांक हा त्याचा खरा प्रांत नव्हे. चारही ऑलिम्पिकच्या वेळी उच्चांक दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर होता आणि तो दुसरा त्याच्याशेजारी मैदानात उभा होता. अमेरिकेच्या निवडचाचणीतही तो त्या चारपैकी एकदाही पहिला आला नाही.

आता टोकियो. चेकोस्लोव्हाकियाच्या लुडविक डानेकने त्याच ऑगस्टमध्ये ६४.५५ मीटरचा उच्चांक केला होता आणि तो कितीतरी स्पर्धा सलग जिंकत आला होता. ओर्टरची अवस्था वर सांगितलीच. पहिल्या चार फेकी यथातथा, चौथ्या फेकीनंतर तो तिसरा. पाचवी ६१.०० मीटर. डानेक ६०.५२ मीटरवर राहिला, ओर्टरचा सहकारी डेव्ह वाइल ५९.४९ मीटरवर.

ही आकडेवारी मी कितीतरी वर्षे तोंडपाठ सांगितली, पण तिच्यातली एक रिकामी जागा मला दिसली नव्हती. थाळीफेकीत सहा फेकी मिळतात. ओर्टरने सहावी घेतली नाही. डानेकची अजून एक फेक शिल्लक होती, अठ्ठेचाळीस सेंटिमीटरचे अंतर म्हणजे काहीच नव्हे. तरी त्याने आपली शेवटची संधी सोडून दिली. 'मेलो तरी माघार नाही' म्हणणारा माणूस सहाव्या फेकीला शांतपणे बाजूला बसला! आपल्या गोष्टीत सहावी फेक कधीच येत नाही. ती आली तर टाळ्यांचा बेरंग होतो. मला मात्र आता वाटते की त्या स्पर्धेतला सर्वांत बोलका क्षण तोच. अठ्ठावीस वर्षांचा, तिसऱ्या ऑलिम्पिकला आलेला, आपल्या देहाची इंच इंच ओळख असलेला माणूस, कुठपर्यंत जायचे ते ठरवून तिथपर्यंत गेला आणि थांबला. आणि पाचव्या फेकीत जे घडले ते 'सारे बळ एकवटून' घडले असेल असेही मला आता वाटत नाही. बरगड्या फाटलेल्या माणसाकडे एकवटायला बळ कुठले? हजारो संध्याकाळी टॉवेलच्या दिशेने गिरवलेली ती गिरकी होती. देह साथ देत नसताना तेवढी तीच शिल्लक राहिली.

एम. ए.ला असताना रससिद्धान्त आम्ही परीक्षेपुरता घोकला. वीररसाचा स्थायीभाव कोणता? उत्साह. दोन गुण मिळायचे. त्या उत्तराचा अर्थ कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. भरताने वीराचा स्थायीभाव म्हणून दुःख सोसणे सांगितलेले नाही. मृत्यूची बेपर्वाई सांगितलेली नाही. उत्साह सांगितला आहे, आणि त्या रसाच्या कारणांची यादी देताना असंमोह आणि अध्यवसाय यांना अगदी आरंभी बसविले आहे. असंमोह म्हणजे गोंधळ न होणे, अध्यवसाय म्हणजे धरलेल्या गोष्टीचा निश्चय. ओर्टरला लावायला याहून नेमके शब्द मला कुठल्याही भाषेत सापडले नाहीत. आपण प्रार्थनेनंतर सांगतो ती गोष्ट वीररसाची नसतेच. वीराचा अंगरखा घातलेली ती करुणाची गोष्ट असते. वेदना मोठी दाखवली की वीर मोठा झाला असे आपण मानतो. आपल्या क्रीडालेखनाचे एरवीही दोनच प्रकार: एक आकड्यांचे, दुसरे आरतीचे. यात मी स्वतःला वगळत नाही. आमच्या तालुक्याच्या स्मरणिकांतून मी दुसऱ्या प्रकारचे बरेच लिहिले आहे.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती टाळली तर वरचे सगळे पांडित्य ठरेल.

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा ज्या शाळेत सहशिक्षक होतो, तिथे दहावीत एक मुलगा होता. नाव देत नाही. खानापूरकडच्या पट्ट्यातला, भातशेतीतला, उंचापुरा, हात लांब. ड्रिल मास्तरांनी त्याला थाळीत तयार केला होता. झोनलला पहिला आला. आपल्याकडे या स्पर्धा नेमक्या ऐन पावसात असतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. तालुक्याच्या आधी चार-पाच दिवस त्याच्या कंबरेत लचक भरली. ड्रिल मास्तर गावी गेलेले. त्याच आठवड्यात प्रार्थनेनंतर बोलण्याची पाळी माझी होती आणि मी ओर्टर सांगितला. मुद्दामच सांगितला, कारण तो मुलगा समोर तिसऱ्या रांगेत उभा होता आणि शाळेला तालुक्याची ढाल हवी होती. नुसती शाळेलाच नव्हे, मलाही हवी होती.

स्पर्धेच्या दिवशी बारीक पाऊस. फेकायचे वर्तुळ म्हणजे चुन्याने आखलेली माती; तिचा चिखल झालेला. मी छत्री घेऊन कडेला उभा. पहिली फेक झाली तेव्हाच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी विचारले, "दुखतंय काय रे?" तो म्हणाला, "दुखतंय सर. पण टाकतो की." त्या 'टाकतो की'मध्ये माझी गोष्ट बोलत होती. ते मला त्याच क्षणी ओळखू आले, आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटले. तिसऱ्या फेकीला पाय सरकला. थाळी जेमतेम दहा-बारा मीटरवर पडली आणि तो तिथेच बसला. बैलगाडीतून, मग टेम्पोतून त्याला बेळगावला नेले. दोन महिने पाठीवर निजून होता. दहावीची परीक्षा त्या मार्चला चुकली, ती पुढच्या वर्षी दिली. थाळीला पुन्हा हात लावला नाही.

त्याला कोणी दोष दिला नाही, मलाही दिला नाही. त्याचे वडील शाळेत आले ते दाखल्याचे विचारायला. मी त्यांना चहा पाजला. बोलायचे ते बोललो नाही.

तेव्हापासून मी ओर्टर सांगणे सोडून दिले. पण सोडून देणे म्हणजे दुरुस्त करणे नव्हे. एखाद्या कवीचा आपण चुकीचा अर्थ लावला हे कळल्यावर तो कवीच शिकवायचा बंद करणे, हा कुठला न्याय? दोष कवितेचा नव्हता. म्हणून आता उरलेली पाने.

मेक्सिको सिटी, १५ ऑक्टोबर १९६८. ओर्टर बत्तीस वर्षांचा. जे सिल्व्हेस्टर या त्याच्याच देशबांधवाच्या नावावर महिन्याभरापूर्वीचा ६८.४० मीटरचा उच्चांक. पात्रता फेरीत त्याने ६३.३४ मीटर टाकून ऑलिम्पिकचा विक्रमही केलेला. ओर्टरने आयुष्यात कधी तेवढे अंतर स्पर्धेत गाठलेले नव्हते म्हटले तरी चालेल. अंतिम स्पर्धेला जोराचा पाऊस आला, स्पर्धा थांबवावी लागली. पुन्हा सुरू झाली तेव्हा वर्तुळ ओले, थाळ्या ओल्या. सिल्व्हेस्टर ६१.७८ मीटरवर अडकला आणि पाचवा आला. पूर्व जर्मनीचा मिल्डे ६३.०८ मीटरवर दुसरा, टोकियोचा डानेक ६२.९२ मीटरवर तिसरा. ओर्टरची तिसरी फेक ६४.७८ मीटर. त्याची तोवरच्या आयुष्यातली सर्वांत लांब फेक.

ही फेक 'चमत्कार' म्हणून सांगितली जाते. पण त्याच स्पर्धेत नंतर आणखी दोनदा तो चौसष्ट मीटरच्या पलीकडे गेला. चमत्कार एकदा होतो, त्याच दुपारी तीनदा होत नाही. आपल्या पावसाळी मैदानांवर ज्यांनी थाळी धरली आहे, त्यांना ओल्या वर्तुळात गिरकी घेणे म्हणजे काय ते सांगायला नको. पाय सरकेल ही भीती एकदा मनात आली की माणूस पायाऐवजी हाताने फेकू लागतो, आणि हाताने फेकलेली थाळी जात नाही. सिल्व्हेस्टरचे काय झाले ते मी सांगू शकत नाही, पण ओर्टरने पावसासाठी आपली गिरकी बदललेली नाही हे चित्रफितीत दिसते. मी ती माझ्या मुलाच्या मोबाईलवर निदान पन्नास वेळा पाहिली असेल. पहिल्या दहा वेळा मी त्याचा चेहरा पाहत होतो. मग पाय पाहू लागलो.

५६.३६, ५९.१८, ६१.००, ६४.७८. चार सुवर्णपदके आणि चार ऑलिम्पिक विक्रम. एवढ्यावर तो निवृत्त झाला. बहुतेक चरित्रे इथे संपतात आणि उरलेले परिशिष्टात घालतात. मला मात्र परिशिष्टच जास्त आवडू लागले आहे. चाळिशीच्या सुमारास तो परत थाळीकडे वळला, आणि १९८० साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने ६९.४६ मीटर फेक केली. मेक्सिकोपेक्षा साडेचार मीटरांहून अधिक! काळ बदलला होता, तंत्र बदलले होते, हे खरे. पण आपण ज्या वयात मुख्याध्यापकपदाच्या सेवाज्येष्ठतेची यादी तपासत असतो, त्या वयात हा माणूस आयुष्यातली सर्वांत लांब फेक करीत होता. त्या वर्षीच्या अमेरिकन निवडचाचणीत तो चौथा आला. तिघांनाच जागा. मॉस्कोवर अमेरिकेने बहिष्कारच घातला होता, म्हणजे पहिले तिघेही गेले नाहीत. ज्या स्पर्धेसाठी कोणी जाणारच नव्हते, तिच्या चाचणीला तो उतरला आणि एका जागेने चुकला. पदक नाही, बातमी नाही. उत्साह या शब्दाचे उदाहरण म्हणून मी परीक्षेत आता हे लिहीन.

१९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक ध्वज धरणाऱ्यांत तो होता. १९९६ साली अटलांटाला मशाल घेऊन तो स्टेडियममध्ये आला. या मानसन्मानांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लिहिण्यासारखी आहे ती त्याची चित्रे. उतारवयात तो अमूर्त चित्रे काढू लागला. त्यातल्या काहींची रीत अशी: कॅनव्हास पसरायचा, रंगाचे थारोळे करायचे आणि त्यात थाळी आपटायची. उडालेला रंग कॅनव्हासवर जसा बसेल तसा बसेल. खेळाडू-चित्रकारांसाठी त्याने एक उपक्रमही सुरू केला. ही चित्रे थोर आहेत असा माझा दावा नाही. छापील छायाचित्रांवरून चित्रकलेचे मूल्यमापन करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. पण मायरनच्या त्या मूळ शिल्पात मान वळवून थाळीकडे पाहणारा जो तरुण आहे, त्याची नजर मला इथे सापडते. अंतर मोजणारा कोणी उरला नाही, तरी थाळीकडेच पाहतो आहे. हृदयविकार बळावल्यावर प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया त्याने नाकारली. टोकियोची सहावी फेक पुन्हा एकदा. १ ऑक्टोबर २००७ रोजी फ्लोरिडात तो वारला, एकाहत्तर वर्षांचा.

त्यानंतर थाळी फार पुढे गेली. १९८६ पासून अढळ राहिलेला युर्गन शुल्टचा ७४.०८ मीटरचा उच्चांक २०२४ साली लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने मोडला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तो ७५.५६ मीटरपर्यंत नेला. त्याच अलेक्नाला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जमैकाच्या रोजे स्टोनाने तीन सेंटिमीटरांनी मागे टाकले. उच्चांक एकाचा आणि पदक दुसऱ्याचे, ही ओर्टरच्या काळची रीत अजून चालू आहे. आपल्या बाजूने पाहायचे तर म्हैसूरला जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या विकास गौडाने २०१४ साली ग्लासगोला राष्ट्रकुलचे सुवर्णपदक मिळविले, आणि त्याआधी २०१० मध्ये दिल्लीला कृष्णा पुनियाने. पण आमच्या झोनलमध्ये अजून चुन्याचेच वर्तुळ आहे.

गेल्या जूनमध्ये तो मुलगा माझ्या ऑफिसात आला. मुलगा कसला, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. उद्यमबागेत एका फाउंड्रीत मशीनवर असतो, कंबरेला पट्टा असतो. मुलीला आठवीत घालायला आला होता. मी त्याला बसवून घेतले आणि सत्तावीस वर्षे न बोललेले बोललो. गोष्ट चुकीची सांगितली होती रे, म्हटले. सहावी फेक सांगायची राहिली होती. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, गोष्ट चांगली होती की. माझी कंबरच वाईट होती." आणि लगेच पोरीकडे वळून, "ही टाकते म्हणते थाळी. टाकू दे काय?"

मला काय उत्तर द्यावे कळेना. मी टॉवेलची गोष्ट सांगितली. पोरीला ती फारशी आवडली नसावी. तिने एवढेच विचारले की टॉवेल कुठल्या रंगाचा. संध्याकाळी मैदानात पंधरा मीटरवर माझा जुना पंचा पसरला. मुलींची एक किलोची थाळी कपाटातून काढली. पहिल्या दिवशी तिची एकही तिथवर गेली नाही. आठवड्याने एक गेली, आणि पंचाच्या बाजूला चिखलात रुतली. नवे ड्रिल सर धावत गेले, थाळी उपसून काढली, आणि आम्ही ओरडेपर्यंत त्याच पंचाने ती स्वच्छ पुसून परत घेऊन आले.